पूर ओसरल्यावर गाळ कोणी उपसावयाचा?

(कमिटीच्या सभेत, नारायणगड येथे, अहवाल व जमाखर्च वाचून झाल्यावर केलेले भाषण. विनंतीपत्रासह छापले आहे.)



कमिटीचा जमाखर्च चिटणीसांनी आपणांस वाचून दाखविला आहे. त्याची पुनरुक्ती करून आपला वेळ आम्ही घेणार नाही. कोणास किती धान्य दिले, किती पत्रे वाटले, हे सांगून दात्यांचे आभार मानले म्हणजे अहवालाचे काम संपले, अशी आमच्यासारख्या मंडळ्यांची जुनी वहिवाट आहे. परंतु ह्या वेळी गावोगाव हिंडत असता एक प्रश्न वारंवार आमच्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर आमच्या वहीत नव्हते, तलाठ्याच्या दप्तरात नव्हते आणि ग्रामपंचायतीच्या ठरावातही नव्हते. प्रश्न साधा आहे. पूर ओसरतो, वादळ शमते, पुढारी व वर्तमानपत्रांचे बातमीदार येऊन जातात. मग मागे राहिलेला गाळ, दगडगोटे, उन्मळलेली झाडे आणि पडलेल्या भिंती कोणी उचलावयाच्या, केव्हा उचलावयाच्या आणि कोणाच्या पैशाने? आज ह्या एकाच प्रश्नाविषयी बोलावे असे आम्ही योजिले आहे.

ज्या स्थळी आपण जमलो आहो त्याची ओळख आपणांस करून देण्याचे कारण नाही. परंतु हे भाषण छापून परगावच्या दात्यांकडे जावयाचे आहे, म्हणून दोन शब्द सांगतो. बीड जिल्ह्यात गड म्हटला म्हणजे तटबुरुजांचा किल्ला समजू नये. नारायणगड, गहिनीनाथगड ही संतपरंपरेची ठाणी होत. नगद नारायण महाराजांच्या ह्या गडावर विठ्ठलाचे मंदिर असून पंचक्रोशीतील माणसे ह्यास धाकटी पंढरी म्हणतात. आषाढात येथून पालखी पंढरपुरास जाते. गड उंचावर आहे. परंतु पाणी उंचावर थांबत नाही. बालाघाटाच्या डोंगररांगेवर जे पडते ते ओढ्यानाल्यांनी खाली धावते, बिंदुसरेस व सिंदफणेस मिळते, आणि शेवटी सिंदफणेबरोबर गोदावरीत जाते. गडावर दर्शनास येणाऱ्यांपैकी बहुतेकांची वावरे ह्याच वाटेवर आहेत.

ह्या पाण्याचा प्रताप बीडकरांस नवा नाही. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेला आलेल्या पुराने बीड शहराची जी दैना केली ती पाहिलेली माणसे अद्याप आपल्यात आहेत. तथापि २०२५ च्या सप्टेंबरात जे झाले त्याची व्याप्ती निराळी होती. महिन्याच्या मध्यास आष्टी तालुक्यात अडकलेल्या माणसांस सेनेच्या हेलिकॉप्टरने उचलून आणावे लागले. पुढे सिंदफणा पात्राबाहेर पडली. अखेरीस जायकवाडीच्या धरणातून सुटलेल्या पाण्याने गोदाकाठच्या गेवराई व माजलगाव तालुक्यांतील वस्त्या हलवाव्या लागल्या. सोयाबीन काढणीस आले होते, कपाशीला बोंडे धरली होती. ज्या जिल्ह्यात १९७२ साली, पुन्हा २०१२-१३ साली आणि २०१५-१६ साली माणसे हंडाभर पाण्यास मोताद झाली, जेथे आम्ही चारा छावण्यांसाठी झोळी फिरविली, त्याच जिल्ह्यात पाण्याने घर मोडावे, हा दैवदुर्विलास आहे.

त्या दिवसांत एका शब्दाविषयी मोठा वाद झाला. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, दसऱ्यास, ह्याच गडावर भरलेल्या मेळाव्यात ओला दुष्काळ जाहीर करावा अशी मागणी झाली. राज्यात अन्यत्रही ती होत होती. सरकारचे म्हणणे असे पडले की ‘ओला दुष्काळ’ हा शब्द नियमांच्या पुस्तकात नाही. परंतु दुष्काळात ज्या सवलती मिळतात त्या सर्व देऊ. ७ ऑक्टोबर रोजी ३१,६२८ कोटी रुपयांच्या साहाय्याची घोषणा झाली. राज्यभरात ६८ लाख हेक्टरांवरील पिकांची हानी झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. आमची कमिटी दुष्काळ निवारणाची. पुरासाठी ती का फिरते, असे काहींनी आम्हांस विचारले. आमचे उत्तर असे की, पीक न उगवणे आणि उगवलेले वाहून जाणे, ह्या दोहोंचा शेवट एकाच रिकाम्या कणगीत होतो. म्हणून शब्दाचा वाद आम्ही विद्वानांवर सोडतो. परंतु एक भेद मात्र खरा आहे, आणि तो ध्यानात घेतल्यावाचून पुढचे बोलणे कळणार नाही. कोरडा दुष्काळ काही घेऊन जातो, पण मागे काही टाकून जात नाही; पाऊस पडला की जमीन जशीच्या तशी पेरणीस सिद्ध असते. ओला दुष्काळ नेतोही आणि टाकतोही. जे टाकतो ते उचलल्याखेरीज पुढचे पीक नाही.

काय टाकतो, ते आम्ही पाहिले तसे सांगतो. ओढ्याकाठच्या वावरात दोन तऱ्हेचे नुकसान शेजारी शेजारी असते. वरच्या अंगास ताल फुटून काळी माती खरडून गेली आहे आणि खाली पांढरा मुरूम उघडा पडला आहे. पिढ्यान्‌पिढ्यांनी शेणखत घालून जी माती केली ती एका रात्रीत गेली. खालच्या अंगास त्याच मातीबरोबर वाळू व गोटे येऊन उभ्या पिकावर बसले आहेत. सगळाच गाळ वाईट असे नव्हे. तलावातील बारीक गाळ शेतात नेऊन टाकण्याची योजना महाराष्ट्र सरकारने २०१७ साली काढली आणि पुष्कळांनी तिचा लाभ घेतला. परंतु पोयटा निराळा आणि वाळूगोटे निराळे. पोयट्यावर शाळू येतो. गोट्यांवर पाभर चालत नाही. ह्याखेरीज विहिरी तोंडापर्यंत गाळाने भरलेल्या, मोटारी व स्टार्टर त्यात गाडलेले, ठिबकच्या नळ्या बाभळींच्या मुळांत गुंतलेल्या, गोठ्यांचे पत्रे दोन शेते ओलांडून पडलेले, विजेचे खांब आडवे. गावात शिरावे तर नळकांडी पुलाच्या तोंडाशी झाडोरा अडकून पाणी वस्तीकडे वळलेले. घरात गुडघाभर चिखल, त्यात भिजून आंबलेले धान्य. आणि कोठेतरी मेलेल्या जनावराची दुर्गंधी. ज्या माउलीने आम्हांस आपले घर दाखविले ती रडत नव्हती. ती फक्त एवढेच विचारीत होती, “दादा, झाडून काढू का तसंच ठेवू?”

सभ्यहो, ह्या एका प्रश्नात सारे भाषण आले. ती असे का विचारीत होती? कारण तिला कोणीतरी सांगितले होते की पंचनामा होईपर्यंत कशास हात लावू नये. मदत मिळावयाची तर नुकसान दिसले पाहिजे. नुकसान दिसावयाचे तर ते तसेच राहिले पाहिजे. आणि पंचनामा करणार कोण? तलाठी, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ग्रामसेवक, आणि कृषी सहायक. ह्या तिघांनी मिळून प्रत्येक वावर व प्रत्येक घर पाहावयाचे. एकेकाकडे अनेक गावे, रस्ते तुटलेले, आणि शेतात पाय रोवत नाही इतका चिखल. ही माणसे आळशी होती असे आम्ही म्हणत नाही. रात्री अकरा वाजता कंदिलासारखा मोबाईल धरून नोंदी लिहिणारे कर्मचारी आम्ही पाहिले आहेत. परंतु व्यवस्था अशी की, जो शेतकरी लवकर साफसफाई करील त्याने आपला पुरावा आपल्याच हाताने पुसला, आणि जो वाट पाहील त्याचा हंगाम गेला. रब्बीचा शाळू घरातल्या कागदांची वाट पाहत नाही. जमिनीत ओल आहे तोवर पेरला तर आला. एका गावी एका शेतकऱ्याने चार दिवस वाट पाहून शेवटी आपल्या खर्चाने गोटे वेचले. पंचनाम्यास आलेल्या मंडळींस वावर स्वच्छ दिसले आणि त्याचे नाव यादीबाहेर राहिले. उद्योगी माणसास दंड आणि स्वस्थ बसणारास मदत, असा न्याय कोणीही मुद्दाम केलेला नव्हता. तो नियमांच्या फटीतून आपोआप झाला. पंचनामे शक्य नसतील तेथे मोबाईलवर काढलेली छायाचित्रेही ग्राह्य धरू, असे सरकारने त्याच महिन्यात जाहीर केले, हे फार चांगले झाले. परंतु ही घोषणा ज्या वस्तीवर वीज नव्हती आणि मोबाईल मेला होता, तेथे पोहोचेपर्यंत दिवस निघून गेले.

आता कायद्याकडे वळू. गाळ व ढिगारा काढण्याचे काम कोणाचेच नाही असे नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या ३४ व्या कलमाने जिल्हा प्राधिकरणास ढिगारा हलविण्याचा अधिकार दिला आहे. ४१ व्या कलमाने स्थानिक संस्थांवर मदत व पुनर्वसनाचे कर्तव्य घातले आहे. आणि ५० व्या कलमाने निकडीच्या वेळी निविदा न मागविता सामग्री घेण्याची मोकळीक ठेविली आहे. गावचे रस्ते, गटारे व नाल्या स्वच्छ ठेवणे हे ग्रामपंचायतीचे काम १९५८ च्या अधिनियमापासून चालत आले आहे. म्हणजे अधिकार आहे, कर्तव्य आहे. नाही ते दोन गोष्टींत.

पहिली उणीव पैशाची. आपत्तीनिधीच्या नियमांत सार्वजनिक जागेतील ढिगारा काढणे, साचलेले पाणी काढून देणे व मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावणे ह्यांस खर्च मंजूर आहे. परंतु सार्वजनिक जागेची हद्द जेथे संपते, म्हणजे उंबऱ्याच्या आत आणि बांधाच्या पलीकडे, तेथे तो खर्च थांबतो. ग्रामपंचायतीचा स्वतःचा पैसा म्हणावा तर घरपट्टीची वसुली, तीही पुराच्या वर्षी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ ह्या काळासाठी ग्रामपंचायतींस जो निधी दिला त्याचे शेकडा ६० भाग पाणीपुरवठा व स्वच्छता ह्यांस बांधून दिलेले होते. उरल्या ४० भागांतून साऱ्या गावाचा संसार. अशा सरपंचाने एक जेसीबी आठ दिवस लावला तर पुढच्या वर्षीचे दिवे विझतात.

दुसरी उणीव माणसांची. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, असे कायदा सांगतो. परंतु २०२५ चा पूर आला तेव्हा बीड जिल्हा परिषदेस लोकांनी निवडलेला अध्यक्षच नव्हता. २०२२ च्या मार्चात मुदत संपल्यापासून तेथे प्रशासकाचा कारभार होता. पंचायत समित्यांची तीच गत. आणि नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या त्या पूर ओसरल्यावर, डिसेंबर २०२५ मध्ये. ह्यात कोणा अधिकाऱ्याचा दोष नाही. परंतु ज्या सदस्याच्या दाराशी जाऊन खेड्यातील माणूस ‘आमच्या ओढ्याचा पूल मोकळा करा’ म्हणून भांडू शकतो, तो सदस्यच नसला म्हणजे गाऱ्हाणे कागदावर उतरते आणि कागदाखाली कागद जातो. स्थानिक स्वराज्य हा शब्द आपण व्याख्यानांत गौरवाने उच्चारतो. त्याची खरी किंमत अशा आठवड्यात कळते.

आता मदतीच्या दराकडे पाहू. आम्ही दोष काढण्यासाठी नव्हे, तर हिशेब दाखविण्यासाठी बोलतो. शेतात तीन इंचांहून अधिक गाळ बसला असेल तर तो काढण्यास आपत्तीनिधीतून अल्प व अत्यल्प भूधारकास हेक्टरी १८,००० रुपये, असा दर २०२२ ते २०२६ ह्या काळासाठी ठरलेला होता. एका हेक्टराचे क्षेत्र सुमारे १,०७,६०० चौरस फूट. त्यावर तीन इंच गाळ म्हणजे सुमारे २६,९०० घनफूट, म्हणजे २६९ ब्रास. ट्रॅक्टरच्या साध्या ट्रॉलीत एक ब्रासच्या आसपास माल मावतो. तेव्हा २६९ खेपा आणि १८,००० रुपये. खेपेस ६७ रुपये पडले. एवढ्यात भरणे, वाहणे व टाकणे. येथे बसलेल्या शेतकऱ्यांस ट्रॉलीचे भाडे आणि डिझेलचा भाव आम्ही सांगावा असे नाही. बरे, गाळ तीन इंचच असता तर! आम्ही पाहिलेल्या वावरांत तो फुटांनी मोजावा असा होता.

खरडून गेलेल्या जमिनीस हेक्टरी ४७,००० रुपये रोख, आणि त्याखेरीज त्या वेळी चालू असलेल्या महात्मा गांधी रोजगार हमी योजनेतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतचे काम, अशी सोय ऑक्टोबर २०२५ च्या घोषणेत होती. गाळाने भरलेल्या विहिरीस ३०,००० रुपये धरले. विहिरीचा समावेश पूर्वीच्या नियमांत नव्हता, तो ह्या वेळी झाला, ह्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहो. परंतु आमच्या मते त्या घोषणेतील सर्वांत मोलाची गोष्ट रोख रकमांची नसून ती ३ लाखांच्या कामाची होती. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसास ३१२ रुपये होती. तेवढी सारी रक्कम मजुरीवर गेली असे धरले तर एका हेक्टरामागे सुमारे ९६० दिवसांचे काम निघते. म्हणजे ज्याचे शेत गेले त्याचे शेत परत येते, आणि ज्याची मजुरी गेली त्यास मजुरी मिळते. एका कुदळीने दोन घरे उभी राहतात.

हा विचार आमचा नवा नाही. तो ह्याच मातीतला आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राने माणसांस भिक्षा न घालता काम दिले. खडी फोडणे, बांध घालणे, पाझर तलाव खणणे ह्या कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे होती. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा जन्मास आला आणि साऱ्या देशाने त्याचा कित्ता गिरविला. त्याहून मागे गेलो तर १८९६ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगाव माणसे पाठवून फॅमिन कोडात रयतेस कोणत्या सवलती दिल्या आहेत ते समजावून सांगितले. सवलत मागणे हा गुन्हा नव्हे, हक्क आहे, हे त्या वेळच्या शेतकऱ्यास प्रथमच कळले. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. येथे तो आवाज पोहोचला नाही. आज तरी तो पोहोचावा. कोरड्या दुष्काळात खडी फोडण्याचे काम मिळाले, तर ओल्या दुष्काळात गाळ उपसण्याचे काम मागताच का मिळू नये?

परंतु काम वेळेवर मिळाले पाहिजे, आणि बीड जिल्ह्यात वेळेचा अर्थ फार कडक आहे. दसरा झाला की आमच्या डोंगराळ गावांतील कोयता हलतो. २०२५ साली साखर कारखान्यांचे गाळप १ नोव्हेंबरास सुरू व्हावयाचे होते. त्याआधीच मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पोराबाळांसह, बैलांसह, ट्रकांतून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात निघून जातात. पूर सप्टेंबराच्या अखेरीस ओसरला. कोयता ऑक्टोबराच्या अखेरीस हलला. मधले चार आठवडे हीच काय ती संधी होती. त्या चार आठवड्यांत गावात हात होते पण काम मंजूर नव्हते. काम मंजूर झाले तेव्हा घरांना कुलपे होती. मागे राहिली म्हातारी माणसे आणि शाळेतील मुले. त्यांनी गोटे कसे उचलावयाचे? आणि उचल घेऊन गेलेला माणूस चैत्रात परत येतो तेव्हा चिखल वाळून दगडासारखा झालेला असतो.

परप्रांतीचे नव्हे, आपल्याच राज्यातील एक उदाहरण सांगतो. २०२१ च्या जुलैत चिपळूण व महाड ही शहरे पुरात बुडाली. पाणी ओसरल्यावर ठाणे, नवी मुंबई व मुंबई येथील महापालिकांनी आपले सफाई कामगार, यंत्रे व गाड्या तेथे धाडल्या. ज्यांचा रोजचा उद्योगच कचरा उचलण्याचा, त्यांनी येऊन चिखल उचलला. त्यापूर्वी २०२० च्या जून महिन्यात ‘निसर्ग’ चक्रीवादळाने कोकणातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या तेव्हाही प्रथम अडचण हीच पडली की, आडवी झाडे तोडून वाटा व वाड्या मोकळ्या करावयाच्या तरी कोणी. ह्यावरून एक गोष्ट उघड होते. एका शहरास दुसरे शहर साहाय्य करू शकते, कारण दोघांपाशी सफाईचे खाते आहे. खेड्यापाशी असे खाते नाही. म्हणून खेड्यासाठी ती व्यवस्था आधी बांधून ठेवावी लागेल. संकट आल्यावर ती बांधता येत नाही.

येणेप्रमाणे आम्ही जे पाहिले त्यावरून आमच्या अल्पमतीस जे सुचते ते सरकारपुढे, जिल्हा परिषदेपुढे व ग्रामसभांपुढे नम्रपणे ठेवितो.

पहिले: पूर ओसरल्यापासून तीन दिवसांच्या आत गावातील शिक्षक, पोलीस पाटील वा ग्रामसभेने नेमलेली दोन माणसे ह्यांनी घर व शेत ह्यांची छायाचित्रे काढावी, आणि ‘साफसफाईस हरकत नाही’ अशी चिठ्ठी जागच्या जागी द्यावी. ती चिठ्ठी असलेल्याचा हक्क पुढे बुडू नये. झाडून काढू का, असे कोणत्याही माउलीस विचारावे लागू नये.

दुसरे: गावात कोठे गाळ बसतो, कोणता नळकांडी पूल तुंबतो, हे गावच्या गुराख्यासही ठाऊक असते. त्या कामांची यादी व अंदाज मृगापूर्वीच मंजूर करून ठेवावे, म्हणजे पूर ओसरताच मजुरीची कामे सुरू होतील.

तिसरे: जेसीबी, ट्रॅक्टर, पाण्याचे पंप आणि विहिरींसाठी यारी ह्यांचे दर तालुक्यास आधी ठरवून ठेवावे. संकटाच्या दिवशी भाडे दुप्पट होते, हा अनुभव सर्वांस आहे.

चौथे: काढलेला गाळ कोठे टाकावयाचा ते आधी नेमावे. आम्ही पाहिले की पुष्कळ ठिकाणी तो ओढ्याच्याच काठावर रचला जातो. पुढच्या पुरास तो आयता मिळतो आणि पुन्हा त्याच वावरात येऊन बसतो. हा उपसा नव्हे, ही ठेव झाली.

पाचवे: ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाचा हक्क ते परत येईपर्यंत राखून ठेवावा. कुलूप म्हणजे नकार नव्हे.

दुसऱ्यांस इतके सांगितल्यावर स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. पहिल्या आठवड्यात आम्ही कपड्यांसाठी विनंती केली. शहरांतील उदार मंडळींनी गठ्ठेच्या गठ्ठे पाठविले. त्यांत उपयोगाचे होते ते हातोहात गेले. परंतु फाटके, विजोड, ज्यांचा येथे कोणास उपयोग नाही असे कपडे चावडीपुढे पडून राहिले, पावसात भिजले, आणि शेवटी ग्रामपंचायतीच्या आधीच थकलेल्या माणसांस ते गाडीत भरून टाकावे लागले. साफ करावयास गेलो आणि ढिगाऱ्यात भर घालून आलो. दोष दात्यांचा नव्हे, आमच्या मागण्याचा. एका गृहस्थाने त्याच वेळी घमेली, फावडी व टिकाव ह्यांचा एक टेम्पो पाठविला होता. त्यातील एकही वस्तू संध्याकाळपर्यंत उरली नाही.

म्हणून ह्या वेळची आमची विनंती निराळी आहे. कपडे पाठवू नका. द्रव्य द्या, त्यातून आम्ही पंपाचे डिझेल, यारीचे भाडे आणि मजुरी देऊ. द्रव्य नसेल तर अवजारे द्या: घमेले, फावडे, टिकाव, कोयता, दोर. ज्यांपाशी ट्रॅक्टर आहे त्यांनी चार दिवस ट्रॅक्टर द्यावा. विद्यार्थ्यांनी सुटीतील आठ दिवस द्यावे. वकिलांनी व निवृत्त कारकुनांनी गावी बसून लोकांचे अर्ज लिहून द्यावे. एक नीट लिहिलेला अर्ज पुष्कळदा धान्याच्या पोत्याहून अधिक पोट भरतो. विधवा, निराधार व घरी एकटी राहिलेली म्हातारी माणसे ह्यांची घरे आम्ही प्रथम धरणार आहो, कारण त्यांच्या वतीने भांडणारे कोणी नसते.

सरकारचे काम आम्ही करू अशी आमची घमेंड नाही. समुद्र ओंजळीने उपसत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु सरकारची गाडी पोहोचेपर्यंतचे जे पंधरा दिवस, ते धर्मादायाने भरून काढावयाचे असतात. आणि ती गाडी दर वर्षी थोडी लवकर यावी म्हणून तगादा लावणे, हेही आमच्यासारख्या कमिट्यांचेच काम आहे. दोन्ही कामे सारखीच पुण्याची आहेत असे आम्ही मानतो.

सभ्यहो, पुढचा पावसाळा येईल तो कसा असेल, हे कोणास ठाऊक नाही. कोरडा आला तर आम्ही चाऱ्यासाठी पुन्हा आपल्या दारी येऊ, ओला आला तर फावड्यांसाठी. परंतु तो कसाही आला तरी ज्या नळकांडी पुलात मागच्या पुराचा झाडोरा अजून अडकलेला आहे, तो पूल तोपर्यंत मोकळा होणे आपल्या हाती आहे. वारीस निघालेला माणूस पाहिल्या दिवशी सारी वाट पाहत नाही. पुढचा मुक्काम पाहतो. धाकट्या पंढरीच्या पायऱ्यांवर बसून आपण आज एवढाच मुक्काम ठरवू: प्रत्येक गावाने एक ओढा, एक पूल आणि एक निराधाराचे घर स्वच्छ करावे. त्यासाठी लागणारी फावडी आपण द्यावी, ही आमची हात जोडून विनंती आहे.